हिरकणी कपाटातली की किल्ल्यावरची?

पत्र : ताई, नमस्कार. मी कोल्हापूरची. शिल्पकलेची पदविका घेतली आहे. गेली चार वर्षं दिवाळीच्या किल्ल्यासाठी हिरकणी करते. पाच इंची, भाजलेल्या मातीची, कडा उतरताना. प्रत्येक हिरकणी नव्याने घडवते, त्यामुळे दोन सारख्या कधीच होत नाहीत. एकीला दोन दिवस लागतात. गेल्या वर्षी २२ केल्या, १५०० रुपयांना एक, सगळ्या गेल्या. यंदा एका दुकानदाराने २५० रुपये दराने ३०० नग मागितलेत. घरचे म्हणतात, साचा काढ. ज्यांच्या हाताखाली शिकले ते सर म्हणतात, ‘साचा काढलास की तू शिल्पकार राहिली नाहीस, किल्ल्यावरची मातीची चित्रं विकणारी झालीस.’ त्यात गेल्या दिवाळीत एका हातगाडीवर माझीच हिरकणी प्लास्टरमध्ये ८० रुपयांना दिसली. रडू आलं. आणखी एक. एका बाईंचा निरोप आला होता की मुलाने किल्ल्यावर ठेवल्यावर पहिल्याच दिवशी तिचा हात तुटला, तिसऱ्या दिवशी पायाकडचा रंग सुटला. मी त्यांना कळवलं की ती शोभेची आहे, कपाटात ठेवायची. त्यांनी पुढे काही लिहिलं नाही. तर ताई, साचा काढू की नको?

उत्तर :

वयाने लहान आहेस, म्हणून तू म्हणते. ज्या गोष्टीला तू पत्रात सगळ्यात कमी जागा दिलीस, ‘आणखी एक’ म्हणून शेवटी ढकललीस, तिथूनच मी सुरू करणार आहे. त्या मुलाच्या किल्ल्यापासून.

दगडविटांचा ढिगारा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखल, चिखलात हाळीव. हाळीव उगवायचे म्हणून सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिडकावा. रात्रभर दव. गल्लीतलं कुत्रं बालेकिल्ल्यावर झोपून गेलेलं. वर सिंहासनावर महाराज, खाली गुहेत वाघ, मध्ये मावळे, गवळण, आरशाच्या तुकड्याचं तळं आणि मावळ्याच्या खांद्याला लागेल एवढी कोंबडी. शिवाय किल्ला एकदा मांडला की संपला, असं नसतंच. मुलं चित्रं रोज हलवतात. काल बुरुजावर पहारा देणारा आज महादरवाजात असतो, उद्या शत्रूचा होतो. अशा ठिकाणी तू एक हात वर केलेली, बोटं मोकळी हवेत सोडलेली, पायापर्यंत रंगवलेली बाई पाठवलीस. ती पहिल्या दिवशी तुटली यात त्या मुलाचा काय दोष?

‘शोभेची आहे’ हे उत्तर तू द्यायला नको होतंस. विकताना ‘किल्ल्यासाठी हिरकणी’ म्हणालीस आणि तुटल्यावर तिला कपाटात नेऊन बसवलंस. तुझा साच्याचा प्रश्नही इथेच अडकलाय असं मला वाटतं. ती शिल्प आहे की खेळणं, हे तुझं अजून ठरलेलं नाही. सरांशी बोलताना ती शिल्प असते, दुकानदाराशी बोलताना खेळणं.

माझं मत विचारशील तर ती किल्ल्यावरचीच आहे, आणि किल्ल्यावरची म्हणूनच ती चांगली आहे. बाजारातली बाकी सगळी चित्रं सपाट बुडाची, उभी राहणारी. ती गडाच्या माथ्यावर नाहीतर पायथ्याशी ठेवायची. कड्यावर, त्या उतरत्या चिखलावर, ठेवायला मुलांकडे काहीच नसतं. ती जागा तुला दिसली. कोजागिरीच्या रात्री गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून रायगडाचा कडा उतरून गेलेली गवळण. आख्यायिका सगळ्यांना ठाऊक, आणि कोजागिरीपासून पंधरा दिवसांत दिवाळी. कल्पनेत खोट नाही. खोट बांधणीत आहे, आणि ती काढता येते.

आधी हात. बोटं हवेत नकोत, खडकाला चिकटलेली हवीत. कडा उतरणारी बाई तसंही बोटं पसरत नाही, खाचेत रुतवते. हात, चेहरा आणि खडक एकाच गोळ्यात बसव. सगळ्यात बारीक भागसुद्धा करंगळीएवढा जाड ठेव. कासोट्याचा सोगा मागे फडकवला असशील, तो मांडीला चिकटव. कमरेला बांधलेली दुधाची चरवी मी काढून टाकली असती. रिकामी चरवी घेऊन रात्री कडा कोण उतरेल? पण ती काढली तर मुलं ओळखणार नाहीत, असं तू म्हणशील, आणि कदाचित तुझंच बरोबर असेल. ठेवायची तर पाठीशी घट्ट ठेव, पहिल्यांदा तीच तुटते.

मग बूड. तुझ्या हिरकणीला खडकाचा तुकडा जोडलेला असणारच. त्याच्या पाठीमागून तिरकं, पेन्सिल जाईल एवढं भोक ठेव आणि खोक्यात बांबूची एक काडी दे, टोक बोथट करून. मुलाने काडी कड्यात खोचायची आणि हिरकणी काडीवर बसवायची. भाजताना आतला दमट वारा बाहेर पडायलाही तेच भोक कामी येईल, फक्त ते पोकळीपर्यंत पोचू दे. आतून कोरून सगळीकडे सारखी, अर्ध्या ते पाऊण बोटाची भिंत ठेवतेस ना? ठोस गोळा आतून ओला राहतो आणि भट्टीत फुटतो, हे तुला शिकवायला नको.

रंगाचं कारणही सोपं आहे. भाजलेली माती पाणी पिते. चिखलात रुतलेल्या बुडातून पाणी वर चढतं आणि रंगाला मागून ढकलतं, म्हणून रंग पायाकडून सुटला. वरून वॉर्निशचे आणखी हात दिलेस तरी पाणी मागूनच येणार. त्यापेक्षा खडक रंगवूच नकोस. भाजलेल्या मातीचा तांबडा तसाच राहू दे, म्हणजे आत शिरलेलं पाणी तिथूनच उडून जाईल. रंग फक्त लुगड्याला, चेहऱ्याला, केसांना. रायगडचा कातळ काळा असतो, तांबडा नाही, असं कुणी म्हणालंच, तर म्हणू दे.

रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला. पण सुटी रंगाची पूड, विशेषतः भडक पिवळी आणि नारिंगी, कुठून आली ते कुणी सांगत नाही. लहान मूल मावळा तोंडात घालतंच.

आता साचा.

तुझ्या सरांचा मान राखून सांगते, ते बोलले ते त्यांनाही पटत नसणार. पुण्यातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा नानासाहेब करमरकरांनी केला, १९२८ मध्ये उभा राहिला. तो माझगाव गोदीत ओतला होता. ओतकाम साच्याशिवाय होतं का? ब्राँझच्या कुठल्याही पुतळ्यात शिल्पकाराचा हात मूळ नमुन्यावर फिरलेला असतो, धातू साच्यात जातो, आणि बाहेर आलेल्यावर पुन्हा हात फिरतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जा. अंग साच्यातून निघतं, पण डोळ्यांची आखणी करणारा माणूस वेगळा असतो, आणि तो आजारी पडला तर कारखाना थांबतो. तिथल्या मूर्तीला कुणी हाताची नाही म्हणत नाही.

आणि निव्वळ सणाच्या बाहुल्यांचं म्हणशील, तर फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये जे झालं ते तुला फार जवळचं वाटेल. तिथे नाताळात घरोघरी येशूच्या जन्माचा देखावा मांडतात. शेवाळं, दगड, कागदाचे डोंगर, अगदी आपल्या किल्ल्यासारखं. त्यात बोट-दोन बोटं उंचीच्या मातीच्या बाहुल्या असतात, त्यांना सांतों म्हणतात, म्हणजे छोटे संत. प्रत्यक्षात त्यांत संत थोडे आणि गावच जास्त असतं. पिठाची गोणी घेतलेला गिरणीवाला, कोळीण, सुऱ्यांना धार लावणारा. आपल्या किल्ल्याखालची विहीर आणि शेतकरीच की. मार्सेयच्या जाँ-लुई लान्येल (१७६४-१८२२) या कारागिराने प्लास्टरच्या साच्यात ओली माती दाबून त्या करायला सुरुवात केली, असं मानतात. साच्यामुळेच त्या साध्यासुध्या घरांत पोचल्या. मार्सेयमध्ये १८०३ पासून त्यांची जत्रा भरते. आजही कारागीर साच्यात माती दाबतो, जोडाची रेघ सुरीने तासतो, एकेक बाहुली हाताने रंगवतो आणि ती अभिमानाने हाताची म्हणून विकतो.

तेव्हा काढ साचा. प्लास्टरचाच काढ, रबराचा नको. रबराच्या साच्यातून मग तू प्लास्टर नाहीतर रेझीन ओतू लागशील आणि हातगाडीवाल्याच्या शेजारी जाऊन बसशील. प्लास्टरच्या साच्यात ओली माती दाबली की साचा तिचं पाणी ओढून घेतो, माती थोडी आकसते आणि आपोआप सुटते. नमुना मात्र मोठा कर. वाळून-भाजून माती साधारण दहा टक्के आकसते, म्हणजे पाच इंची हिरकणी हवी तर नमुना साडेपाच इंचाचा. पण तुझी माती किती आकसते ते आधी मातीच्या एका पट्टीवर खुणा करून, भाजून बघ. वर उचललेल्या हाताखाली साचा अडकेल, म्हणून तो हात वेगळा दाब आणि पातळ मातीच्या घोळाने जोड. त्या जोडावर प्रत्येक वेळी तुझी बोटं फिरणार, हात किंचित वर-खाली होणार. म्हणजे तुझ्या दोन हिरकण्या तरीही एकसारख्या होणार नाहीतच.

साच्याशिवाय एकेक घडवलेल्याही कर, पाच कर. त्यांच्या तळाला ‘एकच’ असं कोर, साच्यातल्यांच्या तळाला ‘साचा’ आणि क्रमांक कोर, आणि विकताना दोन्ही शब्द मोठ्याने सांग. सरांना पहिल्या पाचांतली एक भेट दे. शांत होतील.

दुकानदाराचं गणित तू केलेलं नाहीस, म्हणून मी केलं. तुझेच आकडे घेते. १५०० रुपयांत माती, भट्टी, रंग, खोकं यांचे २०० धर. उरले १३००, सोळा तासांचे. म्हणजे तासाला ऐंशीच्या आसपास. (हा आकडा बघून तूच गप्प झाली असशील. गेली चार वर्षं तू हेच मिळवतेयस.) साच्यातल्या हिरकणीला दाबणं, जोड, तासणं, रंग मिळून दोन तास आणि साहित्याला १२० रुपये धरू. २५० ला दिलीस तर दोन तासांचे १३० उरतात, म्हणजे तासाला ६५. आणि ३०० नग म्हणजे ६०० तास, रोज आठ तास बसलीस तर पंचाहत्तर दिवस. आधीपेक्षा कमी मजुरीवर अडीच महिने, वर दोनच महिन्यांत कंबर धरेल. त्याला हसून नाही म्हण. राग धरू नकोस, त्याने त्याच्या धंद्याचं बोलून दाखवलं, एवढंच. त्याला सांग, २५ देईन, ४५० ने, पैसे निम्मे आधी. घेतले तर घेतले. दुसऱ्या २४ तू स्वतः ७०० ने विक, आणि एक ठेव, ती कुणासाठी ते शेवटी सांगते.

पन्नासच का, तर एक म्हणजे प्लास्टरच्या साच्याची धार साधारण तेवढ्यात बोथट होऊ लागते, नाक-डोळे गुळगुळीत यायला लागतात. दुसरं कारण कायद्यातलं आहे, आणि ते फार थोड्या कारागिरांना माहीत असतं.

शिल्प ही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृती आहे. तू ती घडवलीस त्या क्षणी हक्क तुझा, नोंदणी केलीस की नाही याचा संबंध नाही, आणि तो तुझ्या हयातीभर आणि पुढे ६० वर्षं टिकतो. पण त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये एक मेख आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी चीज तू नोंदवली नाहीस आणि औद्योगिक प्रक्रियेने तिच्या ५० पेक्षा जास्त प्रती तू काढल्यास, किंवा तुझ्या परवानगीने कुणी काढल्या, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. हाताने साच्यात दाबलेली माती ‘औद्योगिक प्रक्रिया’ ठरते का, आणि तुझी हिरकणी निव्वळ कलाकृती की डिझाइन, यावर वकील दिवसभर भांडू शकतात. आपण त्या भांडणात कशाला पडायचं? एका नमुन्याच्या पन्नास, मग साचा फोडायचा, पुढच्या दिवाळीला नवा नमुना. ३०० नगांना होकार देण्याआधी हे कुणी तुला सांगायला हवं होतं.

डिझाइनची नोंदणीही करता येते, २००० च्या डिझाइन कायद्याखाली. ती दहा वर्षं चालते, पुढे पाच वाढवून मिळतात. अट अशी की डिझाइन आधी कुठे उघड झालेलं नको. तुझी जुनी हिरकणी चार वर्षं विकली गेली, ती आता नोंदवता येणार नाही. नवी मांडणी नोंदवायची असेल तर तिचा फोटो कुणाला पाठवण्याआधी अर्ज कर. ‘बघ गं कशी झालीय’ म्हणून मैत्रिणींच्या ग्रुपवरसुद्धा टाकू नकोस.

हातगाडीवर जाऊन भांडू नकोस. तो माणूस घाऊकमध्ये पोत्याने चित्रं घेतो, साचा कुणी काढला ते त्यालाही माहीत नसतं. आणि हिरकणी, कडा, रात्र यांवर तुझी मालकी नाही, तुझ्या हाताने दिलेल्या वळणावर आहे. यापुढे काम चालू असतानाचे तारखेसकट फोटो ठेव आणि तळाशी ओल्या मातीत स्वतःची मुद्रा दाब. एक गंमत सांगते. तुझ्या भाजलेल्या हिरकणीवरून कुणी साचा काढून मातीचीच नक्कल केली, तर ती पुन्हा दहा टक्के आकसणार. पट्टी लावलीस की नक्कल कळते. प्लास्टरच्या नकलेला हे लागू नाही, ती तेवढीच निघते. पण प्लास्टरची तुझ्या गिऱ्हाइकाला नखाने खरवडूनही कळेल.

एक सरकारी काम मात्र याच महिन्यात उरक. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तुझ्यासारखीला ते परवडणारं नाही. पण केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. त्या नोंदणीचं ओळखपत्र मिळतं, त्याला ‘पहचान’ कार्ड म्हणतात. ते काढ. मग ‘खेळणं’ हा शब्द लिहायला घाबरायचं कारण नाही.

आत्ता आषाढ चालू आहे. हवेत एवढी ओल असताना प्लास्टरचा साचा लवकर वाळत नाही, पंधरा दिवस तरी धर, आणि उन्हाची वाट बघत चुलीशी नेऊन ठेवू नकोस, फार तापला की प्लास्टर भुसभुशीत होतं. श्रावणात दाबायला घे. कुंभारगल्लीत गणपती होईपर्यंत तुझ्याशी बोलायला कुणाला वेळ नसेल. गणपती गेले की पणत्यांच्या भट्ट्या लागतात, त्यांत तुझ्या हिरकण्यांना जागा माग. उघड्या भट्टीत धुराचे डाग पडतात, म्हणून झाकण असलेल्या जुन्या माठात घालून ठेव. पणत्या विकायला बाहेर पडतात तेव्हा तुझ्याकडे रंगवायला पुरेसे दिवस हातात असतील.

आणि साच्यातून निघालेली, रंगवलेली पहिली हिरकणी विकू नकोस. त्या बाईंना पाठव, त्यांच्या मुलासाठी, काडीसकट. आत एक चिठ्ठी घाल : गेल्या वर्षीची तुटली ती माझ्या चुकीने. ही नवीन आहे. हवी तशी खेळ, रोज पाणी मार, कड्यावरून दोनदा पाड, आणि तुटली तर कुठे तुटली तेवढं मला कळव.